बिलीबिनची वासिलिसा: चित्रातली प्रतीकं वाचताना

अंधारं जंगल, मागे बाबा यागा या चेटकिणीची झोपडी आणि पुढे काठी धरलेली मुलगी, वासिलिसा. काठीच्या टोकाला माणसाची कवटी, तिचे डोळे पेटलेले. रशियन चित्रकार इवान बिलीबिनने १८९९ मध्ये ‘सुंदर वासिलिसा’ या रशियन परीकथेसाठी काढलेलं हे चित्र पाहिलं की बहुतेक जण लगेच म्हणतात, कवटी म्हणजे मृत्यू. ही घाई नडते.

आधी अर्थ बाजूला ठेवून दिसेल ते कागदावर उतरवा: कोण कुठे उभं आहे, हातात काय, उजेड कुठून येतोय, चौकटीत काय काढलंय. मग कथा वाचा, आणि ती रशियन लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवच्या संग्रहातलीच वाचा, कारण मुलांसाठी सौम्य केलेल्या आवृत्त्यांत नेमके हेच तपशील गळालेले असतात. घरातला दिवा विझला म्हणून सावत्र बहिणींनी वासिलिसाला बाबा यागाकडे विस्तव आणायला पिटाळलेलं असतं. तो विस्तव म्हणजे ही कवटी. घरी पोचल्यावर तिची नजर सावत्र आईला आणि तिच्या दोन्ही मुलींना जाळून राख करते, वासिलिसाला मात्र धगही लागत नाही. म्हणजे भीतीइतकाच न्यायही या कवटीत आहे.

याच कथेतल्या लाल घोडेस्वाराच्या चित्राचंही असंच होतं. लाल म्हणजे रक्त, असं प्रतीकांच्या तयार यादीत सापडतं. पण तीन स्वारांचा अर्थ बाबा यागा स्वतःच सांगते: पांढरा दिवस, लाल सूर्य, काळा रात्र. कथेने अर्थ दिला असेल तर बाहेरचा आणू नये.

आपल्याला आणखी एक मोह होतो. बिलीबिनच्या दुसऱ्या एका चित्रात बाबा यागा उखळात बसून मुसळाने ते हाकते आणि मागची खूण केरसुणीने पुसत जाते. लक्ष्मीपूजनात केरसुणी पुजणाऱ्या आपल्याला ती शुभ वाटेल, पण इथे तिचं काम माग नाहीसा करण्याचं आहे. त्याच चित्रात खाली लाल टोपीची विषारी अळंबी दिसतात. त्यांत गूढ विधी शोधण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की ती उत्तरेकडच्या जंगलात भूर्जाखाली खरोखरच उगवतात. एखादी वस्तू प्रतीक आहे का, अशी शंका आली तर ती बोटाने झाकून पाहा. अळंबी झाकली तरी प्रसंग तोच राहतो. वासिलिसाच्या हातातली कवटी झाकली तर कथाच थांबते.

चित्र कसं बनलंय हेही माहीत हवं. बिलीबिन पेन्सिलीचं रेखाटन ट्रेसिंग पेपरवरून जाड कागदावर उतरवायचा, टोक कापलेल्या ब्रशने शाईची रेघ ओढायचा आणि मग सपाट जलरंग भरायचा. त्यामुळे ‘मुलीभोवतीची काळी रेघ म्हणजे तिची कैद’ हे वाचन टिकत नाही. तीच रेघ झाडांनाही आहे. उलट एवढ्या सपाट रंगांत कवटीच्या डोळ्यांतून उजेड फाकलेला दाखवलाय, तिथे चित्रकाराने मुद्दाम काही सांगितलंय.

न दिसणारी वस्तूही नोंदवा. मरताना आईने दिलेली बाहुली सगळी अवघड कामं पार पाडते, पण वासिलिसाच्या चित्रात ती दिसत नाही. कथेतही ती खिशात लपवलेलीच असते, आणि बाबा यागाला तिचा पत्ता लागू न देणं हेच वासिलिसाचं शहाणपण आहे.

इंटरनेटवरची प्रत घेताना चौकट कापलेली नाही ना, हे आधी तपासा. रंगही प्रतीगणिक बदलतात, म्हणून छटेवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन-तीन प्रती शेजारी ठेवून पाहा.