माझा अनुभव: लाफेरारीच्या डिफ्यूझरवर कार्बन डेकल

तामिया या जपानी कंपनीचं, फेरारीच्या लाफेरारी गाडीचं १/२४ मापाचं प्लास्टिक मॉडेल किट मी घेतलं ते त्या गाडीच्या कार्बन फायबरसाठीच. २०१३ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आलेल्या या गाडीचा सांगाडा कार्बनच्या कापडाचे थर हातानं लावून, ऑटोक्लेव्हमध्ये (दाब आणि उष्णता देणाऱ्या भट्टीत) पक्का केलेला. मॉडेलवर तेच भाग नुसते काळे रंगवून सोडायला मन धजत नव्हतं.

ट्विल म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीची, न कापलेली डेकल शीट (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) मागवली. खऱ्या कार्बन कापडात साधारणपणे ३००० तंतूंचा एक पट्टा असतो, रुंदी दोनेक मिलिमीटर. १/२४ ला तो ०.०८ मिलिमीटर होतो, म्हणजे वीण डोळ्याला जवळजवळ दिसणारच नाही. म्हणून बाजारातल्या शीट बहुतेक थोड्या मोठ्या विणीच्याच असतात. त्यातल्या त्यात बारीक घ्यावी. ठसठशीत वीण शीटवर देखणी दिसते, पण गाडीवर चढली की गाडी खेळण्यातली वाटायला लागते.

डिफ्यूझरला, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या उभ्या पात्यांच्या भागाला, आधी चकचकीत काळा रंग मारला. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि रुपेरी डाग दिसतात.

मग साचे. मास्किंग टेप भागावर दाबून बसवायची, कडांवरून टोकदार पेन्सिल फिरवायची, टेप सोडवून डेकल शीटवर लावायची आणि एक मिलिमीटर जास्त ठेवून कापायची. टेपचा चिकटपणा आधी तळहातावर लावून कमी केला, नाहीतर काढताना ती छपाईसकट येते. प्रत्येक तुकड्यावर विणीच्या दिशेचा बाण काढला. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. चौकड्यांच्या शर्टाला खिसा लावताना शिंपी जशा चौकड्या जुळवतो, तशी विणीची तिरकी रेघ दोन तुकड्यांत जुळली पाहिजे. जोड कुठे द्यायचा हे ठरवताना मी एकच विचार केला: कारखान्यातल्या माणसानं इथे कापड कुठे कापलं असतं? उत्तर बहुतेक वेळा पात्यांच्या कडेवरच आलं. तिथे जोड लपतोही.

डावीकडचा साचा पालथा केला की उजवीकडे बसतो, पण छापलेली डेकल पालथी करता येत नाही. दोन्ही बाजूंच्या रेघा मध्यरेषेवर आरशातल्यासारख्या भेटायला हव्या असतील, तर उजवीकडचे तुकडे कापताना शीट ९० अंशांत फिरवून घ्यायची. तिरकी रेघ आपोआप उलट झुकते. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

लावताना कोमट पाणी घेतलं. कार्बन डेकल जाड असते, थंड पाण्यात ताठर राहते. भागावर मार्क सेटर (डेकल चिकटवणारं द्रावण), त्यावर तुकडा, मधून कडेकडे ओल्या ब्रशनं पाणी काढत जायचं. पात्यांच्या मुळाशी, जिथे खोबण आत वळते, तिथे मार्क सॉफ्टर (डेकल मऊ करणारं द्रावण). ते लावल्यावर डेकल आक्रसून सुरकुतते आणि हात शिवशिवतात. तेव्हा अजिबात स्पर्श करू नये. ती आपली आपण निवळते. तरीही उठून राहिलेल्या जागी हेअरड्रायरची मंद ऊब देऊन ओल्या कापसाच्या बोळ्यानं दाबलं. राहिलेला बुडबुडा सुईनं टोचून पुन्हा सॉफ्टर. जादा कड पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडनं कापली. वर आलेला गोंद ओल्या कापडानं पुसला, नाहीतर क्लिअरखाली तो पांढुरका दिसतो.

क्लिअर लॅकरचे (वरून द्यायच्या पारदर्शक रंगाचे) पहिले हात अगदी हलके, धुक्यासारखे दिले. एकदम ओला थर दिला तर लॅकरचं सॉल्व्हंट डेकल खातं. पावसाळी दमट हवेत लॅकर धुरकट होतं, म्हणून कोरडं ऊन असलेली दुपार निवडली. थर नीट वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून डेकलच्या कडा सपाट केल्या आणि शेवटचा चकचकीत हात दिला.

आता पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची पट्टी, घेतोय. त्याचे साचे भाग क्रमांक आणि बाणासकट प्लास्टिक शीटवर चिकटवून ठेवलेत. हेच किट बांधणाऱ्या कुणाला हवे असतील तर स्कॅन करून देईन.