ट्रॉलीवरचा नकाशा

ज्येष्ठांना सुपरमार्केटात मदत होईल असे काहीतरी ट्रॉलीवर बसवायचे, एवढेच ठरवून आम्ही चौघांनी गेल्या पावसाळ्यात काम सुरू केले आणि कोणालाही न विचारता, कोणती वस्तू कुठे आहे हे दाखवणारा टचस्क्रीनवरचा नकाशा तयार केला. ठाण्यात नौपाड्याच्या एका कट्ट्यावर रोज जमणारे सहा जण तो वापरून पाहायला तयार झाले आणि आम्ही वही घेऊन त्यांच्यामागे दुकानभर हिंडलो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंनी पडद्यावर तीनदा बोट टेकवले. कोरड्या त्वचेचा स्पर्श त्याला कळेना, तेव्हा त्यांनी पोथीचे पान उलटावे तसे बोट जिभेला लावले. मग म्हणाल्या, "तूरडाळ कुठे असते ते मला ठाऊक आहे रे, पाकिटावरची तारीख तेवढी वाचून दे."

साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे आम्ही वाचलेले होते. तरीही चकचकीत प्लॅस्टिकच्या चुणीवर टिंबाटिंबांनी छापलेली फिकट तारीख वाचणे हीच खरी अडचण असेल, हे मात्र सुचले नव्हते. नकाशा काढून टाकला. त्याजागी दिवा असलेले भिंग, खटकन दाबल्याचे कळेल असे एकच मोठे बटण आणि किंमत व तारीख मराठीत वाचून दाखवणारा आवाज आला.

आवाजाने नवीच पंचाईत केली. एका आजोबांनी तेलाची पिशवी भिंगाखाली धरताच किंमत मोठ्याने ऐकू आली आणि त्यांनी ती घाईघाईने परत ठेवली. आपण स्वस्तातले तेल घेतो हे साऱ्या दुकानाला कशाला कळायला हवे, असे ते नंतर चहा पिताना म्हणाले. अमेरिकी डिझायनर पॅट्रिशिया मूर यांनी १९७९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वृद्धेचा वेश घेऊन वावरायला सुरुवात केली आणि पुढची सुमारे तीन वर्षे तो प्रयोग चालवला. त्या प्रयोगाविषयी मला नितांत आदर आहे, पण आजोबांचा तो संकोच मला वेशांतर करून सापडला असता असे वाटत नाही.

मग आवाज जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये घातला. वाढत्या वयात उंच पट्टीतले स्वर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून तो खालच्या पट्टीतला निवडला. रिसीव्हर सर्वांना आवडला. मात्र दुकानात काठी बाजूला ठेवून ट्रॉलीवरच भार देऊन चालणारे तिघे निघाले. रिसीव्हर उचलायला त्यांनी एक हात सोडला की ट्रॉली पुढे सरके. विमानतळावरच्या ट्रॉलीला असतो तसा, दांडा दाबल्याशिवाय न सुटणारा ब्रेक आता बसवत आहोत, आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांना तो दांडा किती जोर लावून दाबावा लागतो, हे येत्या शनिवारी काकूंकडूनच तपासून घ्यायचे आहे.