कागदाची मागची बाजू

भूगोलाच्या एमएला फिल्डवर्कला मार्क असायचे, त्यामुळं ही सहल नाही असं सर बजावून बजावून सांगायचे आणि आम्ही तरी बसमध्ये अंताक्षरी खेळायचोच. २०१९ चा मार्च, माण तालुक्यातल्या म्हसवडकडची चारा छावणी. पर्जन्यछाया अकरावीपासून पाठ, आकृती तर झोपेतून उठवलं तरी काढून देईन, डावीकडून ढग, मधे सह्याद्री, उजवीकडं कोरडं. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणमध्ये पाचशेची मारामार, हे लिहिलं की मार्क फिक्स.

छावणीत आधी नाकात शिरला तो शेणाचा न ताज्या उसाचा वास. मी सांगलीची, ऊस म्हणजे कारखाना नायतर रसाचं गुऱ्हाळ, इथं कोयत्यानं कांडकी करून जनावरांपुढं टाकत होते. एका आजींना विचारलं, जनावरं किती? "तीन हायती." लिहिलं. मग म्हणाल्या, "आन् एक व्हती, ती इकली गं." कुणाला, कितीला काहीच नाही, नुसत्या मोकळ्या खुंट्याकडं बघत राहिल्या. माझ्या फॉर्मवर पुढचा प्रश्न होता 'पाण्याचा स्रोत', मी तो विचारला. अजून लाज वाटते.

रिपोर्टला चांगले मार्क पडले.

ऑगस्टमध्ये आकृतीतला डावीकडचा ढग आमच्या घरी आला. तिकडं डोंगरात धो धो पाऊस, कृष्णा न कोयना कराडला एक होतात आणि तिथून खाली आम्हीच. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. तळमजला गेला. पाणी उतरल्यावर चिखल काढता काढता कंबरडं मोडलं, आणि तेवढ्यात कुठल्याशा कॉलेजची पोरं सर्व्हे करत दारात. 'मालमत्तेचे अंदाजे नुकसान.' आईनं फ्रिज, गाद्या, कपाट असं सांगितलं आणि मग लोणच्याच्या बरण्यांवर आली, सासूबाईंच्या हातच्या चिनी मातीच्या, त्यातली एक तेवढी सापडली तीपण झाकणाशिवाय. फॉर्म भरणाऱ्या पोरीचं पेन थांबलं, तिनं हळूच पुढच्या प्रश्नाकडं बघितलं.

मी म्हटलं, "अगं कागद उलटा कर, मागं कोरा असतो."