किटलीकडे कॉफी मागू नये

ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली की लोक मोबाइल काढतात, मी वजाबाकी काढते. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे शेवटचे चार आकडे घ्यायचे. आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. परवा पुढे एमएच 04 ची एक गाडी होती, नंबर 2005. 5200 वजा 0025, म्हणजे 5175. मग 5994, 5355, 1998, 8082, 8532 आणि सातव्या फेरीला 6174. तोवर सिग्नल एकदा हिरवा होऊन परत लाल झाला होता. आम्ही तिथेच.

6174 ला मात्र गाडी थांबते. 7641 मधून 1467 वजा केले तरी पुन्हा 6174 च. चारही आकडे सारखे नसतील तर कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथे पोचतो. आणि सारखे असतील तर? जास्तीचे पैसे मोजून 9999 मिरवणाऱ्या गाडीची वजाबाकी पहिल्याच फटक्यात शून्य! हे मी एकदा शेअर रिक्षात शेजारच्या बाईंना उत्साहाने सांगितलं. त्यांना स्टेशनला जायचं होतं. त्या अलीकडे नितीन कंपनीलाच उतरल्या.

हा खेळ शोधला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. देवळालीचे शाळामास्तर, पण माध्यमिक शिक्षण आमच्या ठाण्यातलं, म्हणून मी त्यांच्यावर थोडा जास्त हक्क सांगते. त्यांनी संख्यांच्या एका कुळाला ‘डेम्लो’ असं नाव दिलं. ऐकायला एखाद्या ग्रीक पंडिताचं वाटतं. प्रत्यक्षात डेम्लो हे मुंबईपासून तीस मैलांवरचं, त्या वेळच्या जीआयपी रेल्वेचं (आजच्या मध्य रेल्वेचं) स्टेशन. कल्पना तिथे सुचली, म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव. आजचं डोंबिवली! 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, 1111 चा 1234321 हे याच कुळातले. आकडे ओळीने चढतात आणि ओळीने उतरतात. डोंबिवलीला इतक्या शिस्तीत चढणं-उतरणं त्यानंतर झालेलं नाही.

त्यांच्या काळातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा सगळा रिकामा उद्योग वाटे. पुढे 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जग हे आकडे मांडून बघायला लागलं. मला त्यांचा तो रिकामा उद्योगच आवडतो. काडीचा उपयोग नसलेली गोष्ट, पण करायची अगदी चेहरा गंभीर ठेवून. टीशर्टवर छापलेला गीक विनोद मला त्यामुळेच फारसा रुचत नाही. ठाण्याच्या दहा नंबरवर ऐरोलीची गाडी धरताना ‘जगात 10 प्रकारची माणसं असतात’ छातीवर लिहिलेला एखादा मुलगा दिसतोच. बाळा, कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या मोजणीत 10 म्हणजे दोन, हे कळलं आम्हाला. पण हा विनोद करायला तू काय कष्ट घेतलेस?

कष्ट घेतलेला विनोद कसा असतो, तर 418 सारखा. इंटरनेटचे नियम ज्या कागदपत्रांत लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. अत्यंत रुक्ष प्रकरण. त्यातलं 2324 क्रमांकाचं 1 एप्रिल 1998 रोजी निघालं: कॉफीच्या भांड्याशी नेटवरून कसं बोलावं, याचे नियम. त्यात किटलीकडे कुणी कॉफी मागितली तर तिने ‘418: मी किटली आहे’ असं उत्तर द्यावं, अशी तरतूद आहे. पुण्याबाहेर लागलेली अस्सल पुणेरी पाटीच ती! थट्टा म्हणून लोकांनी हा कोड आपापल्या सर्व्हरमध्ये इतका घातला, की 2022 च्या खऱ्याखुऱ्या नियमावलीत 418 दुसऱ्या कुठल्या कामाला वापरता येणार नाही म्हणून राखून ठेवावा लागला. लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेली जागा असावी, तसा.

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात कॉफी मशीन बंद पडलं, तेव्हा कुणीतरी त्यावर कागद चिकटवला: ‘418’. फक्त तेवढंच. निम्मा मजला येता-जाता हसत होता. संध्याकाळी अ‍ॅडमिनच्या माणसाने शांतपणे रजिस्टरमध्ये नोंद केली, ‘मशीन नं. 418 बंद आहे.’ आमच्याकडे मशिनं दोन. चिकटवणाऱ्यापेक्षा मला तोच जास्त मोठा विनोदकार वाटला.

घरी हे सगळं ऐकून घेणारी एकटी आई. तिला किटलीचं विशेष वाटलं नाही. कबुतरांच्या गोष्टीला मात्र तिने कान टवकारले, कारण कबुतरं हा आमच्या सोसायटीचा राष्ट्रीय प्रश्न आहे. बाल्कनीला जाळी लावली, तर ती एसीच्या बाहेरच्या युनिटवर संसार मांडतात. मी तिला सांगितलं, 1 एप्रिल 1990 ला अशाच एका कागदात कबुतरांवरून इंटरनेट कसं चालवावं याचे नियम निघाले. निरोप बारीक कागदावर छापायचा, पायाला गुंडाळायचा, वर चिकटपट्टी.

“चिकटपट्टी? पायाला?” आईला प्रथमच कबुतरांची दया आली.

“आणि 2001 मध्ये नॉर्वेतल्या बर्गनला लिनक्सवाल्या मंडळींनी हे खरंच करून बघितलं. नऊ निरोप पाठवले. सगळ्यात चपळ उत्तरालासुद्धा जवळजवळ तासभर लागला. एकाला तर पावणेदोन तास लागले.”

“म्हणजे आपल्या वायफायसारखंच.” आमचं वायफाय त्या आठवड्यात रुसलेलं होतं. “नऊच्या नऊ आली?”

“चारच.”

“मग पाच कुठे गेली?”

“हरवली, आई. याला पॅकेट लॉस म्हणतात.”

आई भाजी निवडायची थांबली. उठून बाल्कनीत गेली, जाळीला नाक लावून एसीच्या युनिटकडे बराच वेळ बघत राहिली. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होती.

“इथे चार दिसतायत,” ती आत येत म्हणाली. “एक अजून वाटेत असेल.”