रकाना क्रमांक १४

ट्यूना माशाला टॅग, म्हणजे त्याच्या हालचाली टिपणारं छोटं यंत्र, लावायला जेमतेम एक मिनिट लागतं. तो टॅग हातात पडायला मला अकरा आठवडे लागले. अजून तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

भर समुद्रातल्या एका एकाकी बेटाभोवती यलोफिन ट्यूना, म्हणजे पिवळ्या परांचा कुपा, किती दिवस रेंगाळतो, किती खोल बुडी मारतो आणि निघाला की कुठे जातो, हे आम्हाला पाहायचं होतं. निधी, बोट, मासेमारीची परवानगी हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते टॅगच्या पार्सलवर.

परदेशातून आलेले सहा उपग्रह टॅग कस्टम्सच्या गोदामात पडून होते. लिथियम बॅटरी म्हणून जादा कागद मागितले, ते दिले. मग तात्पुरत्या आयातीचा अर्ज आला. त्यातला चौदावा रकाना होता, ‘उपकरण कोणत्या ठिकाणाहून व कोणत्या तारखेस परत मिळेल’.

हा टॅग साधारण साठ ग्रॅमचा. माशाच्या पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मुळाशी तो रोवतात. तिथून तो खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो. ठरलेल्या दिवशी बॅटरी एका पिनेत करंट सोडते, खाऱ्या पाण्यात ती पिन झिजून तुटते, टॅग वर येऊन तरंगतो आणि उपग्रहाकडे माहिती पाठवू लागतो. म्हणजे तारीख सांगता येत होती. ठिकाण? अहो, ते कळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप!

पहिल्यांदा मी रकाना कोरा ठेवला. अर्ज परत. मग ‘समुद्र’ लिहिलं. परत, शेजारी लाल पेनाने ‘कोणता?’. वैतागून ‘मासा नेईल तिथे’ लिहिलं, ते मात्र लिहायला नको होतं. त्यानंतर फाइल तीन आठवडे हललीच नाही.

शेवटी स्वतः त्या कार्यालयात जाऊन बसले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मॅडम, मासा परत येत नाही का?”

चिडायला गेले आणि गप्प झाले. प्रश्न रास्त होता. हवाईत ओआहू बेटाजवळ संशोधकांनी ध्वनी टॅग (आवाजाचे संकेत सोडणारे) लावून बोटीने पाठलाग केला, तेव्हा मासे जमावेत म्हणून नांगरून ठेवलेल्या तराफ्यांपाशी यलोफिन दिवसा थांबायचे, रात्री भटकायला जायचे आणि पुष्कळदा सकाळी पुन्हा हजर व्हायचे. मी म्हटलं, “कधी येतो, कधी नाही.” साहेब म्हणाले, “मग बेटाचंच नाव घाला.” घातलं. चार दिवसांत पार्सल सुटलं. तुम्हीही असंच काहीतरी ठाम लिहा, अर्जाला खरेपणा सोसत नाही.

या उशिराची खरी किंमत पुढे कळली. बेत जूनचा होता, टॅग लागले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे माशाचा मार्ग उजेडावरून काढावा लागतो. मध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश मिळतो, दिवसाच्या लांबीवरून अक्षांश. पण २२-२३ सप्टेंबरच्या आसपास जगभर दिवस जवळपास सारखाच असतो! आमचे मासे त्या दिवसांत नकाशावर उत्तर-दक्षिण वेड्यासारखे उड्या मारताना दिसले. पृष्ठभागाच्या तापमानाशी ताडून थोडं सावरलं, तरी ते दोन-तीन आठवडे गेलेच. मार्चमध्येही हेच होतं, तारीख ठरवताना लक्षात ठेवा.

खोलीच्या नोंदी मात्र झकास. आमचे यलोफिन बहुतेक वेळ वरच्या शंभर मीटरच्या उबदार पाण्यात होते. बिगआय ट्यूनाचं तंत्र वेगळं. तो दिवसा तीनशे-पाचशे मीटरवर भक्ष्यामागे राहतो आणि अधूनमधून अंग शेकायला वर येतो. म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

हो, टॅग लावतानाचं राहिलंच. मासा ओल्या गादीवर घ्यायचा, डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं आणि तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी धरायची. डोळे झाकले की तडफड एकदम थांबते. आमच्या तांडेलाने हे पहिल्याच माशाला इतकं सफाईने केलं, की मी रोवणी हातात धरून बघतच राहिले.

उपग्रहावरून येतो तो फक्त गोषवारा. पूर्ण नोंद हवी तर टॅगच हाती लागावा लागतो, म्हणून त्यावर पत्ता आणि ‘बक्षीस मिळेल’ हे ठळक लिहाच. आमचा एक किनाऱ्याला लागला, शेवाळ आणि गूज बार्नेकल (तरंगत्या वस्तूंना चिकटणारे शिंपलेवाले जीव) चिकटलेला. तो मी न धुता तसाच पिशवीत घालून त्या कार्यालयात नेला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि एक उपकरण परत मिळाल्याचा शेरा मारला. उरलेली पाच अजून त्यांच्या यादीत ‘प्रलंबित’ आहेत. दर तिमाहीला पत्र येतं.