'गुरं चार' आणि 'चार गुरं': दोन च मोजण्याची नोंदवही, टप्पा ३

मागच्या टप्प्यापर्यंत त, थ, द, ध आटोपले. आता दंततालव्य च आणि तालव्य च. लिपीत अक्षर एकच, कानाला मात्र दोन वेगळे उच्चार. 'गुरं चार' मधला आणि 'चार गुरं' मधला च शेजारी शेजारी बोलून पाहिला की फरक लगेच कळतो. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या वारंवारता वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रावर, तो पकडताना पहिल्या फेरीतली निम्मी मोजमापं टाकून द्यावी लागली. चूक उच्चारांची नव्हती, ध्वनिमुद्रणाची होती.

आधी फरक येतो कुठून ते पाहू. जीभ हवा अडवते, मग अगदी थोडी सैल होते आणि त्या फटीतून घर्षणाचा आवाज निघतो. फटीपुढची तोंडातली पोकळी त्याला रंग देते. ही पोकळी एका टोकाला बंद नळीसारखी धरली, तर तिची सर्वांत खालची अनुनाद-वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. तोंडातल्या उबदार हवेत वेग सेकंदाला ३५,००० सेंमी धरतात. पोकळी १.५ सेंमी असेल तर उत्तर सुमारे ५,८०० हर्ट्झ, ३ सेंमी असेल तर सुमारे २,९००. दंततालव्य च मध्ये जीभ दातांच्या मुळाशी असते, म्हणून पोकळी आखूड. तालव्य च मध्ये जीभ मागे सरकते आणि जिभेखालची जागाही पोकळीत मिळते. हिशेब ढोबळ आहे, पण पडद्यावर जोर कुठे शोधायचा ते यावरून बरोबर कळतं.

पहिला घोटाळा इथेच होतो. प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम मुळात ५,००० हर्ट्झपर्यंतच दिसतो. त्यामुळे दंततालव्य च चा ऐन भाग खिडकीबाहेर राहतो आणि 'घर्षण क्षीण आहे' असा चुकीचा शेरा पडतो. मर्यादा ११,००० करा, विंडो (एका वेळी तपासायच्या तुकड्याची लांबी) ०.००५ सेकंद राहू द्या.

दुसरा घोटाळा जास्त फसवा. ब्लूटूथ इअरफोनचा माइक बहुधा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर (आवाजाच्या मोजण्यांवर) चालतो. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच ध्वनी टिपता येतो, म्हणजे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या वर काहीच येत नाही. फाइलवर मात्र ४४,१०० लिहिलेलं असतं! ओळखायची खूण सोपी: स्पेक्ट्रोग्रामवर त्या उंचीला पट्टीनं आखल्यासारखी रेघ दिसते आणि वर सगळं कोरं. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेली व्हॉइस नोटही या कामाला नको. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करा, कारण घर्षण हाही तिच्या लेखी गोंगाटच. वायरचा माइक, डब्ल्यूएव्ही फाइल, ४४,१०० नमुने, १६ बिट. माइक तोंडापासून १५ ते २० सेंमीवर आणि थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा झोत थेट आदळत नाही. पंखा बंद.

शब्द वाचून घेताना चिठ्ठीवर नुसतं 'चार' लिहून उपयोग नाही. दंततालव्य च दाखवायला अक्षराखाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलं की वाचणारा नको इतका ठसठशीत उच्चार करतो. एका चिठ्ठीवर '४' हा आकडा आणि दुसरीवर गोठ्याचं चित्र, हा उपाय चांगला चालला. चौकट 'आता ___ म्हणा'. आधी स्वर असल्याशिवाय हवा अडलेली शांतता किती लांब आहे ते मोजता येत नाही. 'चूल' या यादीत घेऊ नका. ऊ साठी ओठ आधीच गोल होतात, पोकळी लांबते आणि घर्षणाचा जोर खाली उतरतो. दोन च ची तुलना एकाच स्वरापुढे करा.

मोजताना स्फोटानंतरचे (अडलेली हवा सुटल्यानंतरचे) पहिले १० मिलिसेकंद सोडा, स्वर सुरू होण्याआधीचं शेपूटही सोडा आणि मधला २० ते ३० मिलिसेकंदांचा तुकडा घ्या. १,००० ते १०,००० हर्ट्झची गाळणी लावून मगच स्पेक्ट्रमचं 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी' (आवाजाचा जोर सरासरी कोणत्या वारंवारतेवर आहे तो आकडा) विचारा. गाळणी नसेल तर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आकडा खाली ओढते. ज च्या बाबतीत तर कंठाची कंपनंच ओढतात. 'माझा' मधला झ स्वरांच्या मध्ये अनेकदा इतका सैल होतो की शांतता उरतच नाही, नुसतं घर्षण दिसतं. त्याला स्पर्शसंघर्षीच्या (आधी अडवणूक, मग घर्षण अशा ध्वनींच्या) रकान्यात कोंबू नये.

या टप्प्यातला सर्वांत मजेचा भाग कापाकापीचा. अमेरिकेतल्या हॅस्किन्स या वाक्-संशोधन प्रयोगशाळेच्या १९७८ च्या प्रयोगात इंग्रजी 'ग्रे शिप' च्या मध्ये शांतता घातली की ऐकणाऱ्यांना 'ग्रे चिप' ऐकू येत होतं. मराठीत त्यासाठी 'आता सार म्हणा' हे वाक्य उत्तम. स च्या आधी ० ते १०० मिलिसेकंद शांतता, १० च्या पायऱ्यांनी, असे ११ नमुने करायचे. नुसती शांतता घालून स चा च न होता तो जिद्दीनं स म्हणूनच राहत असेल, तर त्याचं घर्षण सुरुवातीकडून छाटा. लांबी घटते, शिवाय आवाज हळूहळू चढण्याऐवजी एकदम सुरू होतो. च ला दोन्ही हवं असतं. काप शून्यछेदावरच (ध्वनिलहर शून्यरेषा ओलांडते तिथेच) घ्या, नाहीतर टक् असा आवाज राहतो, कान त्यालाच स्फोट समजतो आणि प्रयोग फुकट जातो. प्राटमध्ये तुकडे जोडताना क्रम ऑब्जेक्टच्या यादीतला लागतो, निवडण्याचा नाही.

ऐकवताना नमुने पिसून घ्या, प्रत्येक किमान पाच वेळा. ओळीनं चढत्या क्रमानं ऐकवले की ऐकणारा आधीच्याच उत्तराला चिकटून राहतो.

राहिलेलं काम: तालव्य च च्या घर्षणाला दंततालव्य च नंतरचा स्वर जोडणे आणि उलट. इंग्रजीत स-श चा निवाडा मुख्यतः घर्षणावर होतो, हे १९५८ सालीच दाखवलं गेलं आहे. च मध्ये स्वराच्या सुरुवातीचा दुसरा फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीची अनुनाद-वारंवारता) किती वजन टाकतो, ते पुढच्या नोंदीत. फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुषी आवाजाला ५,०००, बायकी आवाजाला ५,५०० ठेवली आहे.