आमची वाटचाल : कडक भाकरी आणि कर्जाचा हप्ता

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारातल्या मालदांडी ज्वारीवर आमचा कडक भाकरीचा व्यवसाय चालतो. 2013 साली बचत गटातून 5,000 रुपये उचलले, तिथून सुरुवात झाली. गटात आम्ही अकराजणी, महिन्याला प्रत्येकीचे 100 रुपये. व्याज शेकडा दोन. पहिल्या महिन्याला माझे व्याजाचे 100 रुपये झाले, तेही आमच्याच पेटीत पडले. त्या पैशांतून ज्वारी, दोन लोखंडी तवे आणि पिशव्या आणल्या.

पीठ ताजं लागतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना भाकरी कडेनं चिरते. म्हणून दळण दोन दिवसांपुरतंच. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर कडक होऊ द्यायची; मोडली की कटकन आवाज आला पाहिजे. पंढरपूर जवळच आहे, आषाढी-कार्तिकीला वारकरी शिदोरीसाठी नेतात.

नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेनं 1992 साली 500 बचत गट बँकांना जोडून बघायचं ठरवलं, त्याच वाटेनं पुढे आमच्या गटालाही बँकेचं कर्ज मिळालं. तारण मागितलं नाही; वही आणि परतफेड बघितली. माझ्या नावावर जमीन नाही, तरी बँकेत खुर्चीवर बसून बोलले.

चूक 2018 साली झाली. दुकानांची मागणी वाढली म्हणून एका फायनान्स कंपनीचे 30,000 घेतले. पैसे झटपट मिळाले, पण हप्ता दर मंगळवारी. दुकानदार पैसे देणार महिना-दीड महिन्यानं! तिसऱ्या मंगळवारी हात रिकामा. त्या कंपनीचं कर्ज घेणाऱ्या आम्ही बायका एकमेकींना जामीन, त्यामुळे माझा हप्ता येईपर्यंत बाकीच्या माझ्या ओट्यावर बसून राहिल्या. त्यांचीही चूल खोळंबली होती. तो हप्ता भागवायला दुसरं कर्ज काढलं आणि शेवटी दोन शेळ्या विकल्या. धंदा जोरात असताना दावणीची जनावरं गेली, हे अजून मनाला लागतं.

2020 साली आषाढीला वारी भरली नाही, विक्री थांबली. तेव्हा गटाच्या बैठकीत मी अडचण मांडली. तीन महिने फक्त व्याज भरायचं, असा ठराव वहीत लिहिला, खाली अकरा सह्या. त्या सह्यांनी आमचा तवा तापता ठेवला.

आज माझ्याकडे सातजणी कामाला आहेत, मजुरी दर शनिवारी. त्यांतली कुणी कर्ज काढायला निघाली की मी विचारते, पैसा परत कधी येणार आणि तो कुणाच्या हातात राहणार? एकीच्या नावावरचं कर्ज नवऱ्यानं बोअरला घातलं, पाणी लागलं नाही; तिनं भाकऱ्या थापून ते फेडलं. असं घरोघरी होतं, आणि हे बोललंच पाहिजे.

गेल्या बैठकीत तिनंच घरच्या गिरणीसाठी 20,000 मागितले. यंदा पैसे थेट गिरणीवाल्याला द्यायचे आणि मोठा हप्ता कार्तिकीनंतर ठेवायचा, असं ठरलं. पावती तिच्या नावावर फाडायची आहे.